निघालं का काही?

आमच्या बागेतल्या एका डाळिंबाच्या झाडाला ॲल्युमिनियमची करंगळीएवढी पट्टी तारेनं बांधलेली होती. तिच्यावर खिळ्यानं कोरलेलं होतं, ‘बा. ३, झा. ७’. म्हणजे बाग तिसरी, झाड सातवं. बांधणारा निघून गेला, अर्ध्या बागेचं रान झालं, तरी नानांनी ती पट्टी काढू दिली नाही. छाटणीला आलेल्या कुणी तारेला कात्री लावली की बांधावरून ओरडायचे, “राहू दे रे ती. तिचा हिशोब व्हायचाय अजून.”

नाना म्हणजे माझे वडील. ते गेले. हिशोब माझ्याकडे आला. त्यात घेणं थोडं आणि देणंच जास्त आहे, म्हणून लिहायला बसलो.

आमचं गाव संगमनेर तालुक्याच्या दुष्काळी पट्ट्यात. बाजरी, हुलगे, आणि पाऊस बरा झाला तर कांदा. २००४ साली नानांनी धाडस करून एका एकरात भगवा डाळिंबाची तीनशे झाडं लावली. भगवा का, तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं शिफारस केली होती म्हणून. नाना सातवी शिकलेले, पण विद्यापीठाशी त्यांचं नातं पक्कं होतं ते ‘कृषिदर्शनी’मुळे. विद्यापीठाचं हे वार्षिक पुस्तक ते न चुकता आणायचे, त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घालायचे आणि समासात पेन्सिलीनं स्वतःच्या नोंदी करायचे. कोणत्या तारखेला फवारणी, कोणत्या तारखेला पाऊस, कुणाकडून किती उसने आणले, सगळं एकाच पानावर. घरात गाथा होती, ज्ञानेश्वरी होती, आणि तिसरी पोथी ही.

२००७ च्या मृग बहरात, म्हणजे पावसाळी बहरात, बागेत तेल्या शिरला. ज्यानं तो पाहिला नाही त्याला सांगून कळायचा नाही. पानावर तेलाचा थेंब पडावा तसा ओलसर डाग दिसतो. चार दिवसांत काळपट पडतो. मग फांदीवर जातो, फळावर येतो आणि पोसत आलेलं फळ डागाच्या जागी तडकतं. हा जिवाणूजन्य रोग. पावसाच्या थेंबांनी उडतो, रोगट झाडावर चालवलेल्या कात्रीवरून पुढच्या झाडावर जातो, आणि रोगट झाडाची गुटी आणली तर नव्या बागेत आपणच त्याला घेऊन येतो. त्या वर्षी व्यापारी बांधापर्यंत आला, दोन फळं हातात फिरवून पाहिली, आणि चहा न घेताच परत गेला.

२००९ च्या पावसाळ्यात एक मुलगा मोटरसायकलवर आला. कृषी पदवीधर होता, एम.एस्सी. करत होता. त्याचं नाव मी लिहीत नाही, त्याला आवडायचं नाही. आमच्या भागातल्या बागांतल्या तेल्याचा अभ्यास हा त्याचा विषय. कुठे मृग बहर धरलाय, कुठे हस्त, आणि कुठे रोग किती, हे त्याला मोजायचं होतं. नानांनी हो म्हटलं. त्यानं झाडं निवडली, पट्ट्या बांधल्या, आणि मग दर पंधरा दिवसांनी यायला लागला. चारही बाजूंच्या फांद्यांवरची पानं मोजायची, त्यातली डागाळलेली वेगळी मोजायची, वहीत आकडे मांडायचे. काही पानं कागदी पाकिटात घालून न्यायची. नाना त्याच्या मागे मागे. बावीस वर्षांचा तो मुलगा, पण नाना त्याला ‘साहेब’ म्हणायचे आणि तो त्यांना ‘नाना’. दुपारी आई त्याला बाजरीची भाकरी आणि ठेचा वाढायची. निघताना नाना दरवेळी एकच विचारायचे,

“साहेब, निघालं का काही?”

“अजून नाही नाना. सगळ्या बागांचे आकडे एकत्र केल्यावर कळेल.”

“निघालं की कळवा.”

“कळवणारच की.”

दोन हंगाम तो आला. २०१० च्या उन्हाळ्यात पदवी मिळाल्याचे पेढे घेऊन आला, नानांच्या पाया पडला, आणि मग नोकरीच्या शोधात कुठल्या कुठे गेला. फोनचा नंबर बदलला. पट्टी झाडावर राहिली.

नानांनी पुढचा बहरही मृगच धरला. त्यांचं गणित सरळ होतं. मृग बहराला पावसाचं पाणी मिळतं, विहिरीवर भार येत नाही. हस्त बहराचं फळ हिवाळ्या-उन्हाळ्यात पोसायचं, आणि आमच्या विहिरीला फेब्रुवारीत तळ दिसायचा. मृगात पाणी आहे पण तेल्याही आहे. हस्तात तेल्या कमी पण पाणी नाही. दुष्काळी भागातल्या डाळिंबवाल्याला हा पेच रोजचा. २०११ साली तेल्यानं कहर केला तेव्हा नानांनी अर्धी बाग मुळासकट काढून जाळली. दीडशे झाडं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मी तेव्हा नगरला बँकेत होतो. शेतीतलं मला बेताचंच कळायचं, पण त्या मुलाच्या अभ्यासाचं पुढे काय झालं हे शोधून काढावं असं मनानं घेतलं. २०१३ च्या पावसाळ्यात रजा टाकून एका शिक्षणसंस्थेच्या ग्रंथालयात गेलो. दारावरच सांगितलं गेलं की बाहेरच्यांना प्रवेश नाही. ओळखपत्र विद्यार्थ्याचं किंवा प्राध्यापकाचं पाहिजे. मी बँकेचं दाखवलं, त्याचा काय उपयोग! वळून निघालो होतो, तेवढ्यात आतल्या टेबलावरच्या बाईंनी हाक मारली. काय हवंय म्हणून विचारलं. मी पट्टीची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, “आत नाही घेता येणार तुम्हाला, पण इथे बाकावर बसा.”

अर्ध्या तासानं त्या एक चिठ्ठी घेऊन आल्या. तिच्यावर त्या मुलाचं नाव, त्याच्या शोधनिबंधाचं इंग्रजी शीर्षक, आणि तो ज्यात छापून आला त्या परदेशी नियतकालिकाचं नाव होतं. “निबंध आमच्याकडे नाही,” त्या म्हणाल्या, “त्या नियतकालिकाची वर्गणी आम्हाला परवडत नाही. जालावर सापडेल, पण पैसे मागतील. भरू नका. खाली लेखकाचा ईमेल असतो, त्यावर लिहा. लेखक कधी नाही म्हणत नाहीत.”

तसंच झालं. संध्याकाळी घरच्या संगणकावर शीर्षक टाकलं. पहिल्या पानावर चार ओळींचा सारांश आणि त्याखाली एक चौकोन. पूर्ण निबंध वाचायचा तर बत्तीस डॉलर. डॉलर तेव्हा साठीला टेकला होता, म्हणजे दोन हजार रुपयांच्या घरात गेलं. आमच्याकडे दहा माणसांचा एका दिवसाचा रोज. तोही कशासाठी, तर आमच्याच बागेतली पानं मोजून जे निघालं ते आम्हाला कळावं यासाठी! बँकेत मी रोज व्याजाचे हिशेब पाहायचो, पण मुद्दलच आपलं असताना वर आपणच व्याज भरायचं असा व्यवहार कधी पाहिला नव्हता.

बाईंनी सांगितलं तसं लेखकाला लिहिलं. रात्री साडेअकराला उत्तर आलं. तो आता दुसऱ्या राज्यात शिकवत होता. लिहिलं होतं, “नानांना सांगा, निघालंय. छापील प्रत वाटायची मला परवानगी नाही, म्हणून मी पाठवलेला शेवटचा मसुदा जोडतो आहे. माझ्याकडून कळवायचं राहिलं याची लाज वाटते.”

पुढच्या रविवारी गावी गेलो. ओट्यावर नाना, मी, आणि त्या मसुद्याची नऊ पानं. वाचून दाखवताना माझी भंबेरी उडाली. इंग्रजी येतं, पण हे इंग्रजी वेगळंच. शेवटी त्याला फोन लावला आणि त्यानं पाऊण तास फोनवरून मराठीत समजावून सांगितलं. एका तक्त्यात बागांचे क्रमांक होते. नानांनी बोट ठेवलं, “तीन नंबर आपली ना?” त्या ओळीत आमचं गाव नव्हतं, नानांचं नाव नव्हतं, पण झाडं आमची होती. मृग बहर धरलेल्या बागांच्या ओळींतले आकडे एकीकडे, हस्त बहराच्या बागांचे दुसरीकडे. फरक कळायला गणिताची गरज नव्हती. पाणी नाही म्हणून मृग, आणि मृग म्हणून तेल्या, हे आमच्याच झाडांनी लिहून दिलं होतं.

नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “हे त्याला धाच्या सालीच ठावं होतं?”

“हो.”

“मग ती दीडशे झाडं...” पुढे बोलले नाहीत.

मी खरं तेच लिहायला हवं. हस्त बहर धरा, कात्री निर्जंतुक करा, बागेला विश्रांती द्या, बोर्डो मिश्रण वेळेवर फवारा, हे नानांना ठाऊक नव्हतं असं नाही. मेळाव्यात ऐकलेलं होतं, कृषिदर्शनीत वाचलेलं होतं. मी तसं म्हटलंही. त्यावर ते म्हणाले, “ते समद्यांसाठी सांगितल्यालं. हे आपल्या बागंचं हाये.” शेतकऱ्याचा विश्वास कुठे बसतो ते मला त्या दिवशी कळलं. शिफारस ऐकून तो मान डोलावतो. स्वतःच्या बांधावरचा आकडा पाहिला की हात हलवतो. पुढच्या वर्षी त्यांनी कर्ज काढून शेततळं केलं, त्यात कागद अंथरला, आणि राहिलेल्या झाडांवर हस्त बहर धरला. तेल्या गेला नाही, तो जात नसतो. पण आटोक्यात आला. व्यापारी पुन्हा बांधावर आला आणि या वेळी चहा पिऊन गेला.

निबंधाच्या शेवटी आभाराच्या दोन ओळी होत्या. त्यांत मार्गदर्शक होते, विभागप्रमुख होते, आणि अखेरचे दोन शब्द ‘सहकारी शेतकरी’. नाना त्या दोन शब्दांत होते.

माझं ऋण तिघांचं. पहिलं त्या मुलाचं. दोन हंगाम उन्हापावसात तो पानं मोजत राहिला, आणि मागितल्यावर एका रात्रीत त्यानं सगळं देऊन टाकलं. दुसरं त्या बाईंचं. नियम त्यांनी मोडला नाही, फक्त बाक पुढे केला. तिसरं नानांचं. त्यांनी आपली बाग, आपली दुपार, आपली भाकरी दिली आणि बदल्यात एक प्रश्न तेवढा विचारला. या तिघांत कुणीही कंजूष नव्हतं. तरीही कळायला तीन वर्षं लागली आणि दीडशे झाडं जळाली. म्हणजे दोष माणसांत नव्हता. मधे जी भिंत होती तिच्यात होता.

ही भिंत कशी उभी राहते ते पुढे हळूहळू समजलं. संशोधनाला पैसा बहुतेक सरकारचा, म्हणजे आपला. नाना आयकर भरत नव्हते, पण डिझेलवर, साबणावर, ठिबकच्या नळीवर कर भरतच होते. निबंध लिहिणाऱ्याला नियतकालिक मानधन देत नाही. तो तपासणारे दुसरे शास्त्रज्ञही फुकट तपासतात. मग हक्क प्रकाशकाच्या नावे होतात आणि तोच निबंध वर्गणी घेऊन त्याच विद्यापीठांच्या ग्रंथालयांना विकला जातो. शेत आपलं, बी आपलं, राबणारे आपले आणि खळ्याला कुलूप दुसऱ्याचं.

आमचा जिल्हा अशा कुलपांना नवखा नाही. अण्णा हजारेंचं राळेगणसिद्धी आमच्याच जिल्ह्यातलं. माहितीच्या अधिकारासाठी अण्णा २००३ साली मुंबईत आझाद मैदानावर उपोषणाला बसले तेव्हा नगरच्या एसटी स्टँडवर दुसरा विषय नसायचा. महाराष्ट्राचा कायदा झाला, २००५ मध्ये देशाचा आला. त्याचं चौथं कलम म्हणतं की सरकारी यंत्रणेनं माहिती आपणहून मांडावी, लोकांना मागायची वेळ येऊ नये. आज गावातल्या सिमेंटच्या रस्त्याच्या कडेलाही फलक असतो, काम कोणतं, रक्कम किती, ठेकेदार कोण. रस्त्याचा हिशेब मागायला आम्ही शिकलो. संशोधनाचा मागायचं सुचलंच नाही.

आणि नेवासेही आमच्याच जिल्ह्यात. संस्कृतात असलेली गीता ज्ञानेश्वरांनी तिथे मराठीत सांगितली, ज्या खांबाला टेकून सांगितली म्हणतात तो पैस खांब आजही तिथे आहे. पण त्याच काळात मराठीत लिहिणाऱ्या महानुभावांच्या पोथ्यांचं पुढे काय झालं पाहा. पंथानं त्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिल्या. शब्द मराठी, पण किल्ली पंथाबाहेर कुणाकडे नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती लिपी उलगडली तेव्हा कुठे शेकडो वर्षं बंद असलेलं मराठी गद्य मराठी माणसाला वाचायला मिळालं. महानुभावांना निदान पोथ्या परक्यांच्या हाती पडू नयेत ही काळजी होती. आपल्याला काय अडचण आहे?

दारं अगदीच बंद आहेत असंही नाही. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं २०१३ साली, म्हणजे मी त्या बाकावर बसलो त्याच वर्षी, खुल्या उपलब्धतेचं धोरण जाहीर केलं. ‘कृषिकोश’ नावाचं भांडार जालावर आहे, त्यात कृषी विद्यापीठांचे प्रबंध ठेवले जातात. इतर विषयांच्या पीएच.डी.च्या प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ आहे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागांनी २०१४ मध्ये सांगितलं की आमच्या पैशांतून झालेल्या संशोधनाचे निबंध खुल्या भांडारात ठेवा. धोरणं चांगली आहेत. पण निबंध छापून आला की शास्त्रज्ञाचं काम संपतं, भांडारात टाकणं हे ‘उद्या करू’च्या यादीत जातं आणि तिथेच राहतं. न टाकल्याबद्दल कुणी विचारत नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं. ६,३०० हून अधिक सरकारी शिक्षण आणि संशोधन संस्थांतल्या सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी-अध्यापकांना ती वाचता येतील. आनंद आहे. छोट्या गावातल्या सरकारी महाविद्यालयातल्या मुलीला आता दिल्लीतल्या मुलाइतकंच वाचायला मिळेल. पण मी हिशेबाचा माणूस. ही वर्गणी आहे, मालकी नाही. भरणं थांबलं की दार बंद. आणि ज्याच्याकडे अशा संस्थेचं ओळखपत्र नाही, तो नाना, तो तालुक्याचा पत्रकार, तो आडगावात दवाखाना चालवणारा डॉक्टर, तो आजही बाहेरच्या बाकावरच बसलेला आहे. पैसे त्याचेही त्यात आहेत.

अमेरिकेच्या सरकारनं २०२२ मध्ये वेगळी वाट धरली. सरकारी पैशांतून झालेलं संशोधन छापून येताच सर्वांना मोफत वाचता आलं पाहिजे, असं आपल्या सगळ्या खात्यांना सांगितलं. कुणी म्हणतं, लेखकाकडून पैसे घेऊन निबंध खुला करा. काही परदेशी नियतकालिकं त्यासाठी दोन-तीन हजार डॉलर मागतात. आपल्याकडच्या एखाद्या विद्यार्थ्यानं ते कुठून आणायचे? भिंत वाचणाऱ्यासमोरून उचलून लिहिणाऱ्यासमोर ठेवली, एवढंच. त्यापेक्षा त्या मुलानं रात्री साडेअकराला जे केलं ते साधं आणि बिनखर्चाचं आहे. आपला शेवटचा मसुदा सर्वांसाठी ठेवून द्यायचा. बहुतेक प्रकाशक काही मुदतीनंतर त्याला परवानगी देतात. फक्त ते मागितल्यावर न करता आपणहून करायला हवं.

एवढं करूनही दुसरं कुलूप राहतंच, भाषेचं. नऊ पानं हातात असून मला फोन करावा लागला होता. मराठी मुलखातल्या मातीवर झालेल्या प्रत्येक संशोधनाची दोन पानं मराठीत लिहिली जावीत, आणि पहिली प्रत ज्याच्या शेतात काम झालं त्याला जावी. पदवीचा कागद देण्याआधी विद्यापीठानं हे दोन कागद मागून घ्यावेत. ते लिहायला अनुदान लागत नाही. पाऊण तासात फोनवर जे सांगता येतं ते दोन पानांत लिहिता येतं.

नाना गेल्यावर बाग मी वाट्यानं दिली. जुनी झाडं काढायची वेळ आली तेव्हा सातव्या झाडावरची तार स्वतः सोडवली. खोडात रुतून बसली होती, पक्कड लावावी लागली. ती पट्टी आता नानांच्या शेवटच्या कृषिदर्शनीत, डाळिंबाच्या पानावर आहे. समासात त्यांच्या पेन्सिलीची नोंद आहे, ‘हस्त धरला. साहेबांचं बरोबर.’

वाचकहो, तुमच्या बांधावर उद्या कुणी पानं मोजायला येईल, मातीचा नमुना न्यायला येईल, गाईचं रक्त तपासायला येईल. त्याला चहा द्या, भाकरी द्या, पट्टी बांधू द्या. पण निघताना नानांनी विचारलं त्याच्या पुढचा एक प्रश्न विचारा: “जे निघेल ते आम्हाला कुठे वाचायला मिळेल?” आणि उत्तर त्याच्याच वहीत, त्याच्याच हातानं लिहून घ्या.